आमचा टांगा वेग का घेत नव्हता

टांगा विकत घेणं हा माझ्या आयुष्यातला पहिला मूर्खपणा नव्हे. पण चाकांवर बसून गावभर फिरणारा असा तो पहिलाच.

मी कल्याणच्या कचेरीत कारकून. कारकुनानं छत्री घ्यावी, फार तर चांदीच्या मुठीची काठी घ्यावी. मी घोड्यासकट टांगा घेतला, आणि वर तो स्वतः हाकीन असं जाहीर केलं. याला निमित्त धाकट्या भावाचं लग्न. शीळच्या फाट्यापलीकडच्या एका गावात भिक्षुकी करणाऱ्या शास्त्रीबोवांची मुलगी ठरली होती. तिकडे आगगाडी जात नाही. बैठकीत व्याही म्हणाले, "मुहूर्त गोरज. सूर्य टेकला आणि घटिका बुडाली की अंतरपाट दूर. माझ्या घरी मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, जावयासाठीसुद्धा नाही. चुकला तर पुढचा सहा महिन्यांनी, आणि तोही मी दुसऱ्या स्थळासाठी धरीन."

हे ऐकून शहाण्या माणसानं आदल्या दिवशीच बैलगाडीनं जाऊन राहायचं कबूल केलं असतं. मी पानाला चुना लावता लावता म्हणालो, "नवरदेव टांग्यातून येईल. दुपारी जेवून निघू, ऊन कलायच्या आत तुमच्या दारात." टांगा तेव्हा माझ्याकडे नव्हता. माझं बोलणं नेहमी माझ्या पुढं धावतं. मग मला त्याच्यामागून पळावं लागतं.

टांगा आला. घोडा तांबडा, अंगानं भरलेला, कान टवकारलेला. पुढं दोघांची बैठक, तिच्या पाठीला पाठ लावून मागं दोघांची. मागच्या माणसांना सुटलेला रस्ता दिसतो, पुढच्यांना यायचा. गाद्या कातड्याच्या होत्या, त्या आत्यानं पहिल्या दिवशीच चिमट्यानं धरून परसात टाकल्या. तेव्हापासून आम्ही फळ्यांवर बसत होतो.

आत्याबद्दल सांगितलं पाहिजे. आई लवकर गेली, तेव्हा आम्हा दोघा भावांना आत्यानं वाढवलं. तिचे यजमान काशीला गेले आणि तिकडेच रमले. वर्षातून एकदा खुशाली यायची, त्यामुळे कुंकू शाबूत होतं आणि डोक्याला तापही नव्हता. आत्या अंगानं दांडगी. ती पाटावर बसली की पाट दिसत नसे. आणि सोवळं असं कडक की उन्हात वाळत घातलेल्या तिच्या लुगड्यावरून कावळा उडाला तर ती कावळ्याची जात विचारी. टांग्यात तिला एकच जागा मान्य होती, मागच्या फळीची अगदी कड. का, तर घोड्याच्या अंगावरचा पट्टा कातड्याचा, लगाम कातड्याचा, आणि त्यांच्यापासून सगळ्यांत लांब असलेली जागा तीच. पलीकडे बसायची सोय असती तर ती टांग्याच्या पलीकडेही बसली असती. तिच्याजवळ, अंतर राखून, माझं कुटुंब बसे. पुढं मी आणि भाऊ. आम्ही दोघे भाऊ मिळून आत्याचा एक हात भरलो असतो.

लग्नाआधी सराव म्हणून दर सोमवारी मी या मंडळींना गावाबाहेरच्या शंकराला नेऊ लागलो, आणि पहिल्याच सोमवारी रोग दिसला. टांगा हले, पण वेग घेईना. मी लगाम सैल सोडावा, जिभेनं टकटक करावं, चाबूक हवेत फिरवावा. घोडा मान वर करून, छाती काढून, नुसता टाचा उंचावल्यासारखा टुकूटुकू चाले. जरा चढ आला की जागच्या जागी पाय आपटी. डोक्यावर मिठाच्या पाट्या घेतलेल्या आगरणी आमच्या मागून आल्या, बरोबरीनं चालल्या आणि पुढं गेल्या. जाता जाता त्यांतली एक म्हणाली, "भटजीबावा, उतरा न आमचे संगती चला. बेगीन पोचाल."

"ती काय म्हणाली?" मागून आत्यानं विचारलं.

"घोडा छान आहे म्हणाली," मी म्हणालो.

आमच्या शेजारी एक पेन्शनर राहत. ते पलटणीच्या बारबरदारी, म्हणजे सामान वाहण्याच्या, खात्यात होते, म्हणून घोड्यांतलं त्यांना सगळं कळतं असा आळीत लौकिक होता. ते तिथे कारकून होते आणि त्यांनी घोडे फक्त मोजले होते, हे मला फार पुढं समजलं. त्यांनी घोड्याभोवती प्रदक्षिणा घातली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि डोळे मिटून म्हणाले, "नाल."

नालबंदाकडून चारी नाल नवे ठोकून घेतले. मग पेन्शनरसाहेब माझ्याशेजारी पुढं बसले आणि आम्ही दोघे टांगा पारखायला निघालो. लगाम हलवायचा अवकाश, घोडा असा सुटला की पेन्शनरसाहेबांची पगडी मागच्या फळीवर जाऊन बसली. तळ्याला वळसा घालून आम्ही वाऱ्यासारखे परत आलो. "झालं," ते पगडी झटकत म्हणाले, "नालाचंच होतं."

सोमवारी आत्या बसली. टांगा टुकूटुकू.

"मग वंगण," पेन्शनरसाहेब म्हणाले. चाकं काढली, आस पुसून लख्ख केला, एरंडेलाचं वंगण ओतलं. आम्ही दोघांनी परत फेरी मारली. या खेपेला पगडी रस्त्यात राहिली. सोमवारी पुन्हा टुकूटुकू, आणि आगरणींनी आता आम्हाला सोबत चालायची नव्हे, तर बाजूला सरकायची विनंती केली.

मग खुराक झाला. गूळ, भिजवलेले हरभरे, वर जवसाचं तेल. घोडा एवढा मस्तवाल झाला की गोठ्यातल्या खुंट्याला घेऊन दारापर्यंत आला. रिकामा टांगा त्याच्यामागं पतंगासारखा उडे. सोमवारी तोच घोडा वरातीतल्या म्हाताऱ्यासारखा पाऊल मोजू लागला. मग आत्यानं मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. घोडा काही बोलला नाही. पेन्शनरसाहेब मात्र दुपारभर शिंकत होते, तेव्हा दृष्ट त्यांचीच होती हे तिनं पक्कं केलं.

माझ्या कुटुंबानं एकदा भीत भीत सांगितलं होतं. आत्याचा वाटेत पडलेला तांब्या घ्यायला ती आणि आत्या खाली उतरल्या होत्या. "अहो, आम्ही उतरलो की टांगा पुढं पळतो. तुमच्या लक्षात आलंय का?"

"आलंय," मी म्हणालो. खरं तर आलं नव्हतं. "तो घोडा लाजाळू आहे. बायकामाणसं मागं बसली की त्याला संकोच होतो."

"पण त्याला तर आम्ही दिसतच नाही."

"म्हणूनच," मी म्हणालो. याचा अर्थ काय, हे तिनं विचारलं नाही, म्हणून संसार टिकला.

पेन्शनरसाहेबांना माझा सिद्धांत फार आवडला. पलटणीत असा एक घोडा होता असंही त्यांना आठवलं. त्यांनी उपाय सांगितला, की घोड्याची भीड चेपावी. तेव्हा मी रोज सकाळी कुटुंबाला घोड्यासमोर उभं करून दोघांची ओळख वाढवू लागलो. ती त्याला गूळ देई, तो तिचा हात चाटी, आणि मी बाजूला उभा राहून मान डोलवी. आळीतले लोक कचेरीत जायला उशीर करून हे बघत.

अशा रीतीनं सर्व बाजूंनी दुरुस्त झालेला टांगा घेऊन लग्नाचा दिवस उजाडला.

वऱ्हाड पहाटेच बैलगाड्यांतून पुढं गेलं. मागं राहिलो आम्ही चौघे. मी, मुंडावळ्या बांधून रेशमी शेला घेतलेला नवरदेव भाऊ, कुटुंब आणि आत्या. आत्याजवळ तांब्याच्या डब्यात आमच्या देवघरातले कुलदेवतेचे टाक होते. आमच्या घरची चाल अशी की अंतरपाट धरला जाईल तेव्हा ते टाक मांडवात पाहिजेत, आणि सोवळ्यातल्या माणसाशिवाय त्यांना कुणी शिवता कामा नये. म्हणजे आत्या पोचली तर देव पोचणार, आणि देव पोचले तर लग्न लागणार. ती पितांबर नेसून, आपली लोकरीची धाबळी चौघडी करून मागच्या फळीच्या कडेवर बसली. मांडीवर देवांचा डबा, पायाशी तांब्या, आणि फळीच्या कडेबाहेर लाडवांचा एक पितळी डबा मी दोरीनं बांधला. तोही सोवळ्यातला, म्हणून तोही कातड्यापासून लांब. माझा स्वभाव असा की आजार वाढवायचा असेल तर मी मनापासून वाढवतो.

माघातलं ऊन कोवळं होतं, भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, आणि आम्ही चाललो होतो. चाललो होतो म्हणजे रस्त्याकडेच्या एकेका झाडाशी चांगला परिचय करून घेत होतो. डोंबिवलीच्या बाजूला आलो तेव्हा सावल्या लांबल्या. भावाच्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या होत्या.

"दादा, आपण पोचू ना?"

"अरे, घोडा तापतोय अजून. एकदा तापला की बघ."

"घोडा तापायच्या आत तिकडे घटिका बुडेल."

"मग असं करू. या दोघींना इथं उतरवू, तुला पोचवतो, मग परत येऊन—"

"आणि देव?" मागून आत्या म्हणाली. तिचं तोंड कल्याणकडे होतं, तरी कान आमच्याकडे. "देवांना सोडून लग्न लावणार का तुम्ही? लावा. मग सून घरात घेताना तिला सांग, तुझ्या लग्नाला देव वाटेत धोंड्यावर बसले होते."

शीळच्या अलीकडे एक चढ आहे. फार मोठा नाही. बैलगाड्या तो बोलता बोलता चढतात. सूर्य डोंगराच्या वर हातभर उरला होता. मी चाबूक वाजवला, जिभेनं टकटक केलं, कुटुंबाला म्हटलं, "अगं, तू जरा त्याला आवाज दे, तुझं ऐकतो तो." तिनं मागं वळून, "चल रे बाबा," म्हटलं. घोड्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं उचललं, आणि ते खाली आलंच नाही.

मला एकदम आभाळ दिसलं. शेजारी भाऊही आभाळच बघत होता. समोर, आमच्या पायांच्याही वर, घोडा होता. दांड्या आकाशाकडे, पोटाखालचा पट्टा ताणलेला, आणि त्या पट्ट्यात पाळण्यातल्या पोरासारखा लटकून घोडा पुढचे पाय हवेत मारत होता. मागं वळलो तर फळीची कड रस्त्याला टेकलेली आणि आत्या, देवांचा डबा छातीशी धरून, जशी बसली होती तशीच त्या कडेवर, पाय रस्त्यावर पसरून. तांब्या उताराला लागला होता. कुटुंब त्याच्यामागं पळालं.

"मूर्च्छा आली घोड्याला," मी म्हणालो.

"मूर्च्छा आलेला घोडा वर जातो का?" भाऊ म्हणाला.

तेवढ्यात आत्या कण्हत उभी राहिली. तशा दांड्या खाली आल्या, घोड्याचे चारी नाल दणकन जमिनीवर टेकले, आणि तो असा झेपावला की मी खाली पडलो आणि लगाम धरून रस्त्यानं फरपटत मला त्याला थांबवावं लागलं. अंगात खुराक होताच त्याच्या. मी धूळ झाडत उभा राहिलो, आणि इतक्या सोमवारांनी माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आत्या," मी म्हणालो, "परत एकदा बस बघू."

"का रे?"

"बस तर."

ती बसली. घोडा वर.

"आता ऊठ."

ती उठली. घोडा खाली. "परत बस," मी म्हणालो. घोडा परत वर गेला आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की तसं आजवर आमच्या कचेरीतल्या वरिष्ठांनीही पाहिलं नव्हतं. तांब्या घेऊन वर आलेलं कुटुंब तोंडाला पदर लावून खाली बसलं होतं. भाऊ मुंडावळ्या बाजूला सारून डोळे पुसत होता. रडत होता की हसत होता, मी चौकशी केली नाही.

"मेल्या, मी काय तराजूतलं माप आहे?"

"आत्या, इतके दिवस मी रोग शोधत होतो. नालात नव्हता, चाकात नव्हता. सापडला."

"कुठं?"

मी बोटानं दाखवलं. बोटाच्या टोकाला ती होती.

असं असतं: दोन चाकांची गाडी मागं जड झाली की दांड्या वर जातात, आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला खालून वर उचलतो. तो बिचारा ओढणार कशानं? त्याचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. मी आणि पेन्शनरसाहेब पुढं बसून फेऱ्या मारत होतो तेव्हा भार पुढं असायचा, म्हणून टांगा उडायचा. आम्ही जे जे दुरुस्त केलं ते सगळं आधीच चांगलं होतं. बिघाड फक्त बसण्यात होता, आणि ते बसणं शास्त्रोक्त होतं.

"आत्या, तू पुढं बस. माझ्याशेजारी."

"त्या कातड्याशेजारी? देव घेऊन?"

"सूर्य बघ."

तिनं सूर्य पाहिला. मग भावाकडे पाहिलं. लहानपणी तो तापानं फणफणला तेव्हा तिनं सोवळ्याओवळ्याचा विचार न करता रात्रंदिवस त्याला उराशी धरलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्याची तिला आठवण करून द्यायची छाती कुणालाच नव्हती. तिचे ओठ हलत होते. देवांशी बोलत होती की शास्त्राशी, कुणास ठाऊक.

"लोकरीला विटाळ नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"रेशमालाही नाही."

"मुळीच नाही."

तिनं चौघडी केलेली धाबळी उलगडली, झटकली, आणि घोड्याच्या पाठीवर टाकली. मानेपासून शेपटीपर्यंत पट्टा, बंद, सगळं कातडं झाकलं गेलं. मग भावाच्या खांद्यावरचा रेशमी शेला ओढून घेतला आणि मला म्हणाली, "गुंडाळ लगामाला." मी गुंडाळला. सांडून तांब्याच्या तळाशी उरलेलं चार थेंब पाणी तिनं पुढच्या फळीवर शिंपडलं, आणि मग ती माझ्याकडे वळली.

"घोड्याचं झालं. तुझं काय? दुपारपासून कातडं हातात घेऊन बसला आहेस."

"मी काय करू?"

चढाच्या पायथ्याशी ओढा होता. तिनं नुसतं तिकडे पाहिलं.

माघातल्या संध्याकाळी ओढ्यात बुडी मारणं म्हणजे काय, हे ज्यानं मारली नाही त्याला सांगून कळायचं नाही. कपड्यांसकट मारली, कारण ओलेतं माणूस सोवळं. दात वाजवत वर आलो. भाऊ आणि कुटुंब मागं बसले, आत्या पुढं. मी रेशमी लगाम हातात घेतला आणि अजून जिभेनं टकटक करायचीच होती, तोच टांगा निघाला.

निघाला म्हणजे काय, तो चढ आम्ही चढलो की तो आमच्याखालून उतरला, ते कळलं नाही. झाडांशी परिचय करून घ्यायला सवडच नव्हती. मागून लाडवांचा डबा ढोलासारखा वाजत होता. माझ्या अंगावरचं पाणी वाऱ्यानं आत्यावर उडत होतं आणि ती ते तीर्थासारखं झेलत होती. फाट्याजवळ आमच्याच वऱ्हाडाची, बैलानं बसकण मारल्यानं मागं राहिलेली बैलगाडी दिसली. आत बसलेले पेन्शनरसाहेब उठून उभे राहिले. धाबळी पांघरलेला घोडा, भिजलेला मी आणि माझ्या शेजारी आत्या, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून एका क्षणात गेलं.

"काय केलंत?" ते मागून ओरडले. "नाल?"

"मी!" आत्यानं ओरडून सांगितलं. आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हाण की. सूर्याकडे काय बघतोस, घोड्याकडे बघ."

मांडवाच्या दारात व्याही उभे होते. आत घंगाळात घटिकापात्र काठापर्यंत भरत आलं होतं; त्याच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या भटजींनी एक बोट वर धरलेलं लांबूनही दिसत होतं. घोडा थांबवायचा कसा, याचा सराव मला नव्हता, कारण तशी गरजच कधी पडली नव्हती. तो आपला आपणच मांडवाच्या केळीच्या खांबाशी थांबला आणि त्यानं खांबाचं एक पान तोडून घेतलं.

व्याह्यांनी आधी घोड्याकडे पाहिलं, मग रेशमी लगामाकडे, मग माझ्या पायाखाली साचत चाललेल्या डबक्याकडे. जन्मभर सोवळं पाळलेला माणूस; त्यांना सगळं एका नजरेत समजलं असावं. त्यांनी घोड्याच्या नाकावर ठेवायला उचललेला हात मागं घेतला.

"सोवळ्यात आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," आत्या उतरत म्हणाली, "शिवू नका. तुम्ही आत्ता वऱ्हाडाच्या गर्दीतून आलात."

ते दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी वाट दिली. आत्या देव घेऊन आत गेली, तिच्यामागून शेल्यावाचून नवरदेव गेला. बोट खाली आलं, घटिका बुडाली, अंतरपाट दूर झाला.

मी ओल्या धोतरानं मांडवाच्या कडेला कुडकुडत उभा होतो. घोड्याला सोडायला कुणी पुढं येईना, कारण शिवायचं कुणी. तेव्हा तो टांग्याला जुंपलेलाच दारात उभा राहिला. मंगलाष्टकांच्या प्रत्येक 'सावधान'ला उडालेल्या अक्षतांतल्या थोड्या त्याच्या धाबळीवर पडल्या होत्या, आणि तो मान वळवून त्या एकेक करून टिपून खात होता.